ड्रॉप बार काढून सरळ हँडल बसवताय? या चुका टाळा

खाली वळलेल्या हँडलची, म्हणजे ड्रॉप बारची, सेकंडहँड रोड बाइक स्वस्तात मिळाली, पण ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये रोज वाकून चालवायला मान तयार नाही. मग वाटतं, हँडल तर बदलायचंय! हँडल स्वस्तच असतं. खिसा रिकामा होतो तो त्यावर बसणाऱ्या वस्तूंनी, कारण ड्रॉप बारची नळी साधारण २३.८ मिमी जाड आणि सरळ हँडलची २२.२. म्हणजे जुने ब्रेकचे लिव्हर, गिअर बदलायचे शिफ्टर यातलं काहीच परत वापरता येत नाही.

सगळ्यात धोक्याची चूक ब्रेकची, आणि ती मी केली आहे. जुन्या एमटीबीचे (माउंटन बाइकचे) व्ही-ब्रेकचे, म्हणजे दोन लांब हातांच्या ब्रेकचे लिव्हर घरात पडून होते, तेच लावले. पार्किंगमध्ये एकदम कडक लागले, मी खूश. पुण्यात चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना पूर्ण ताकदीने दाबले तरी सायकल थांबेना. पाय घासत कशीबशी कडेला घेतली. व्ही-ब्रेकचा लिव्हर केबल जास्त ओढतो, पण जोर कमी देतो. रोड बाइकच्या कॅलिपरला (चाकाच्या वर बसून रिम दाबणाऱ्या ब्रेकला) केबल थोडीच लागते, जोर मात्र भरपूर. त्यामुळे लिव्हर दगडासारखा लागतो आणि सायकल पळतच राहते. दुकानात ‘कॅलिपरला चालणारे’ लिव्हर असं स्पष्ट सांगून घ्या. काही लिव्हरमध्ये केबल अडकवायची जागा बदलून दोन्ही प्रकार चालवता येतात. केबलही नवीन लागेल: रोडच्या ब्रेक-केबलचं टोक पेअर फळासारखं निमुळतं असतं, सरळ हँडलच्या लिव्हरला चपटं गोल टोक लागतं. आणि गिअरचं आउटर (केबलवरचं आवरण) ब्रेकला कधीही लावू नका, जोराच्या ब्रेकला ते फाटू शकतं.

गिअरचं दुखणं जिवावरचं नाही, पण चिवट आहे. शिमानो कंपनीचे ९ स्पीडपर्यंतचे (मागे नऊ गिअरपर्यंतचे) मागचे डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग, बहुतेक वेळा एमटीबी शिफ्टरशी जमवून घेतात. १० स्पीडपासून हिशेब बदलतो. मधल्या गिअरवर नीट आणि टोकांना खरखर होत असेल, तर केबलचा ताण बदलणारा ॲडजस्टर फिरवत बसू नका, शिफ्टर-डिरेलरची जोडीच चुकली आहे. पुढचं रोड डिरेलर एमटीबी शिफ्टरवर सहसा बसत नाही. सरळ हँडलसाठीचे रोड शिफ्टर घ्या, नाहीतर पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) ठेवा. शहरात मला तरी दुसरीची गरज पडलेली नाही.

स्टेम (हँडल पकडून सायकलला जोडणारा भाग) तपासल्याशिवाय हँडल विकत घेऊ नका. जुन्या रोड स्टेमचं तोंड बऱ्याचदा २६ मिमीचं असतं, साध्या सरळ हँडलचा मध्य २५.४. बोल्ट कितीही आवळा, खड्ड्यात हँडल फिरणारच. पत्र्याची पट्टी घालून भागवण्याचा जुगाड इथे नको.

नवं हँडल ७०० मिमीच्या आसपास असेल तर दोन रिक्षांमधून जाताना आरसे मोजावे लागतात. ६०० च्या आसपास कापून घेतात, पण आधी ग्रिप, लिव्हर, शिफ्टर मांडून पाहा आणि आठवडाभर चालवा. कापलेलं जोडता येत नाही. बसणं आखडलेलं वाटलं तर थोडा लांब स्टेम घ्या. ड्रॉप बारचे हूड (लिव्हरवरची हात ठेवायची जागा) पुढे असल्याने या फ्रेम मुळात आखूड असतात.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ब्रेक ओढला गेला किंवा गिअर आपोआप बदलला, तर आउटर आखूड पडलंय.