अर्ध्या मिलिमीटरची उत्क्रांती: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

उत्क्रांती शिकायला आले तेव्हा माझ्या डोक्यात डार्विन होता, दूरची बेटं होती, महाकाय कासवं होती. पहिलं वर्ष गेलं ते मेलेल्या पक्ष्यांच्या चोची मोजण्यात. संग्रहालयाच्या कपाटांतले उथळ खण, त्यात कापूस भरलेले पक्षी ओळीने उताणे निजवलेले, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी, नर की मादी, एवढंच तिच्यावर. खण ओढला की डांबरगोळ्यांचा वास अंगावर यायचा. व्हर्नियर कॅलिपर नाकपुडीपाशी लावायचा, चोच किती जाड ते बघायचं, आकडा लिहायचा, की पुढचा पक्षी.

चाळीस पक्षी झाले तेव्हा सरांनी तेच चाळीस दुसऱ्या दिवशी, आधीची वही न उघडता, पुन्हा मोजायला लावले. काही पक्ष्यांच्या दोन मापांत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. मला ते काही फार वाटलं नाही. सरांनी काही न बोलता एक शोधनिबंध वाचायला दिला.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून प्रशांत महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालून एकेका पक्ष्याची नोंद ठेवत होतं. १९७७ साली तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक, मऊ बिया हा हा म्हणता संपल्या. उरलं ते सराट्याच्या जातकुळीतलं टणक, काटेरी फळ, आणि ते फोडायचं तर चोच जाड हवी. त्या बेटावरच्या मध्यम भूफिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. जे जगले, त्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा किती जाड होती? साधारण अर्धा मिलिमीटर. माझ्या हाताची चूक आणि त्या पक्ष्यांच्या जगण्यामरण्यातलं अंतर एकाच मापाचं होतं. त्या दिवशी मी चाळीसच्या चाळीस पक्षी तिसऱ्यांदा मोजले.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते: मोजायला शिका. गोगलगायीचे तीस शंख गोळा करा, मोजा, क्रम बदलून आठवड्याने पुन्हा मोजा. आपली चूक किती हे कळल्याशिवाय निसर्गातल्या फरकाबद्दल बोलू नका. संख्याशास्त्राचा कंटाळा करून चालणारच नाही. मी केला होता. पुढे आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि संख्याशास्त्र एकदमच शिकावं लागलं आणि त्यात एक अख्खं वर्ष गेलं.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती मला जास्त जड गेली. 'दुष्काळात पक्ष्यांनी चोची जाड केल्या' असं मी एका टिपणात लिहिलं होतं. सरांनी ते वाक्य खोडलं. खरंच आहे, एकाही पक्ष्याची चोच जाड झाली नाही. बारीक चोचीचे जास्त मेले, एवढंच झालं. आणि तेवढ्याने काम भागत नाही. चोचीची जाडी आईबापांकडून पिलांत उतरते, म्हणून १९७८च्या पिलांच्या चोची दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या. फरक असणं, त्या फरकामुळे कुणी मरणं आणि कुणी तगणं, आणि तो फरक पुढच्या पिढीत उतरणं, या तिन्ही गोष्टी दाखवता आल्या तरच उत्क्रांती दाखवली असं म्हणायचं. शाळेपासून 'प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात' हे वाक्य आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की ते काढायला खरोखर वेळ लागतो. आपले पारिभाषिक शब्दही वाट चुकवतात. उत्क्रांतीतला 'उत्' वर जाण्याची खूण करतो, आणि 'नैसर्गिक निवड' म्हटलं की कुणीतरी निवडणारा डोळ्यांपुढे उभा राहतो. डॅफ्नेवर पुढे १९८३ साली एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतर लहान चोचवाल्यांचं फावलं. वर चढणं नाही, निवडणारा नाही. पाऊस आणि बिया, बस्स.

माणसाचा हात जिथे लागतो तिथे हीच शिस्त आणखी कसोशीने पाळावी लागते, कारण तिथे मन हळवं होतं. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात हस्तिदंतासाठी इतके हत्ती मारले गेले की नव्वद टक्क्यांहून अधिक संपले. युद्धाआधी तिथल्या माद्यांपैकी साधारण पाचातली एक सुळ्यांविना असायची. वाचलेल्या माद्यांत जवळजवळ निम्म्या बिनसुळ्यांच्या निघाल्या. 'हत्तींनी सुळे सोडले' असा मथळा मी वाचला तेव्हा माझं ते खोडलेलं वाक्य आठवलं. हत्तींनी काहीच सोडलं नाही. सुळे असलेल्या मारल्या गेल्या, नसलेल्या मागे राहिल्या, त्यांना लेकी झाल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढचं कोडंही उलगडत गेलं: हा गुणधर्म एक्स गुणसूत्राशी (मादीत ती दोन असतात, नरात एकच) जोडलेला आहे आणि नर गर्भाला बहुधा घातक ठरतो, म्हणून बिनसुळ्यांच्या दिसतात त्या माद्याच. बंदुकीपासून वाचवणारं जनुक ज्या मुलग्यांत उतरतं त्यांना बहुधा जन्मू देत नाही. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आणि निवडीला वावच मिळत नाही तेव्हा काय होतं, ते गिधाडांकडे बघून कळतं. १९९०च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर पांढरा थर दिसायचा. मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे साठलेलं ते युरिक आम्ल. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे कारण २००४ साली सिद्ध झालं, आणि २००६ पासून गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी येत गेली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली होती. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला साधारण पाच वर्षं घेतं. एका मेलेल्या गुरावर अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शंभरांत एखादंच कलेवर औषधाचं असलं तरी पुरतं. डासांची पिढी काही आठवड्यांची, म्हणून कीटकनाशकाला दाद न देणारे डास बघता बघता पसरतात. गिधाडांना तेवढ्या पिढ्या मिळाल्याच नाहीत. एखादी जात मानवी धक्क्यातून तरेल का, असं कुणी विचारलं तर मी आधी तिच्या पिढीची लांबी बघते, मग पिलांची संख्या, मग तिच्यात मुळात वैविध्य किती उरलंय ते.

आता कामाबद्दल. सगळ्यांनाच वाघ किंवा देवमासा हवा असतो. माझा आग्रह आहे की सुरुवात भरपूर सापडणाऱ्या, लहान, भराभर पिढ्या होणाऱ्या प्राण्यापासून करा: फळमाशी, गप्पी मासे, मुंग्या, सरडे. सहा महिन्यांत सहा वाघ दिसणं कठीण; सहाशे मुंग्या दुपारपर्यंत मोजून होतात. मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध बघण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला. एका ठिकाणी मी हे केलं नाही आणि दोन हंगामांची माझी मोजमापं माझ्या नावाशिवाय छापली गेली. माझ्याकडे दाखवायला तारखा घातलेली वहीही नव्हती. आता असते: रोजची तारीख, वेळ, हवामान, कोणी मोजलं, कशाने मोजलं.

आणि त्या वहीत एक रकाना आहे, तो तुम्हीही ठेवा. खुणा केलेल्या सरड्यांपैकी जे त्या फेरीत दिसले नाहीत, त्यांचे क्रमांक मी तिथे लिहिते. नवे विद्यार्थी फक्त सापडलेल्यांची मापं लिहून आणतात. मी त्यांना परत पाठवते आणि सांगते, गेल्या वेळचे कोण कोण आज नाहीत, तेही लिहून आणा.