बंद बरणीतली पृथ्वी: विज्ञान प्रदर्शनासाठी

मंगळावर वस्ती करावी की आपली पंचगंगा नदी जपावी, हा वाद प्रदर्शनात मांडायचा असेल तर आधी बरणी भरा. मंगळावरची वस्तीही अशीच बंद असेल; हवा-पाणी आतल्या आतच पुरवावं लागेल.

पाच लिटरची काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. तळाशी ३ सेंमी बारीक खडी, त्यावर १ सेंमी कुटलेला कोळसा, मग ६ सेंमी चाळलेली माती. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या जुन्या भिंतींवर उगवणारं शेवाळ आणि एक लहान नेचा लावा. साधारण १५० मिली पाणी फवारून झाकण घट्ट लावा. बरणी उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. आत वाफ कोंडून रोप शिजतं.

शेणखत घालायचा मोह आवरा. जास्त सेंद्रिय माती म्हणजे जास्त जिवाणू, आणि ते ऑक्सिजन खातात. अमेरिकेतल्या बायोस्फिअर-२ या हवाबंद काचेच्या प्रयोगगृहात १९९१ साली आठ माणसं आत गेली तेव्हा नेमकं हेच झालं: ऑक्सिजन २०.९ वरून सुमारे १४ टक्क्यांवर आला आणि बाहेरून भरावा लागला. तेही पृथ्वीवर, मदत दाराशी असताना!

शेजारी हा तक्ता लावा. माणसाला रोज सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. मंगळावर नासाच्या 'मॉक्सी' या ऑक्सिजन बनवणाऱ्या यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये एकूण १२२ ग्रॅम बनवला, म्हणजे एका माणसाला साडेतीन तासांपुरता. मंगळावर संशोधन जरूर व्हावं, पण नदीत मिसळणारं सांडपाणी थांबवणं आधी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सकाळी काचेवर हलकं धुकं दिसलं तर प्रमाण बरोबर. दिवसभर थेंब ओघळत राहिले तर झाकण दोन-तीन तास उघडं ठेवा.