डंखहीन मधमाशीचा पराग: मार्चमध्ये किती काढावा, कोणी खावा

कोकणात मार्च लागला की काजू-आंब्याचा मोहोर ओसरतो आणि ट्रायगोनाच्या, म्हणजे डंखहीन माश्यांच्या पेट्या परागाने भरलेल्या असतात. पराग काढायचा तर हीच वेळ. मेच्या मध्यानंतर पेटीला हात लावू नये. पावसाळ्यात फुलोरा कमी, बाहेर पडणे अवघड, आणि पिल्लांना प्रथिने मिळतात ती याच साठ्यातून. साठा गेला तर पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, घटतो आणि श्रावणापर्यंत वसाहत खंगते. साखरपाक देऊन ही तूट भरत नाही, कारण पाकात प्रथिने नसतात.

सातेरीच्या, म्हणजे डंख मारणाऱ्या पाळीव मधमाशीच्या, पेटीला लावतात तसा परागसापळा (माशीच्या पायावरचा पराग खरवडून पाडणारी भोकांची पट्टी) इथे कामाचा नाही. जेमतेम ३-४ मिलिमीटरची माशी त्या भोकांतून परागाच्या गोळीसह सरळ आत जाते. त्यामुळे मेण-राळेच्या कुप्याच उचलाव्या लागतात. मधाची कुपी टोचली की पातळ मध येतो. परागाच्या कुपीत घट्ट, पिवळा-तपकिरी, आंबूस गर असतो. परागाच्या कुप्या बहुधा पिलाव्याच्या जवळ असतात, म्हणून घाई नको.

कोरडी, उन्हाची सकाळ निवडा. डोक्याला जाळी बांधा. माश्या डंख मारत नसल्या तरी केसांत-कानांत शिरतात आणि चावतात. स्टीलच्या पातळ सुरीने कुपी अखंड उचला. एकूण परागकुप्यांपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि याच हंगामात विभागलेल्या वसाहतीतून एकही नको. फुटलेली कुपी आत ठेवून झाकण लावले तर फोरिड माशी (मधमाशी नव्हे, पेटीत शिरणारी बारीक उपद्रवी माशी) त्या गरात अंडी घालते, आणि तिच्या अळ्या कमकुवत वसाहत संपवतात. फुटलेले सगळे बाहेर काढा, फटी चिकटपट्टीने बंद करा.

ताज्या गरात पाणी बरेच असते. एप्रिलच्या दमट हवेत सावलीत वाळवायला ठेवला तर तो बुरशी धरतो, आणि बुरशी लागलेला पराग वरचा थर काढूनही खाण्यालायक राहत नाही. कवच सोडवून, स्वच्छ काचेच्या बरणीत भरून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवणे सोपे. वाळवायचाच असेल तर ड्रायरमध्ये ४० अंशांच्या आत, पातळ थरात.

आता आरोग्याचे. या परागात प्रथिने, अमिनो आम्ले, ब गटातील जीवनसत्त्वे, खनिजे आणि फ्लेव्होनॉइड असतात. प्रमाण फुलांप्रमाणे बदलते. कुप्यांत तो लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंमुळे आंबतो, म्हणून चव आंबट. मलेशियातील इटामा या डंखहीन माशीच्या परागावर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर अभ्यास झाले असून त्यांत अँटिऑक्सिडंट गुण दिसले आहेत. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. पोषक अन्न म्हणून चमचाभर खायला हरकत नाही. मधुमेहाची गोळी बंद करून पराग खाणे हा निव्वळ धोका.

पहिल्यांदा खाताना दोन-चार दाण्यांएवढाच घ्या. ओठ खाजले, अंगावर पित्त उठले, धाप लागली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. परागाची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. दमा किंवा फुलोऱ्यात शिंका-सर्दीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीच काळजी. वर्षाच्या आतील बाळाला अजिबात नको.

बाग कोणती, यावरही बरेच ठरते. ही माशी साधारण अर्धा किलोमीटरच्या आत फिरते. त्या टापूत मोहोरावर तुडतुड्यासाठी कीटकनाशक फवारले असेल, मग बाग शेजाऱ्याची का असेना, तर त्याचा अंश परागात उतरतो. त्या हंगामाचा पराग माश्यांसाठीच राहू द्या. रानमोडी किंवा ताग जवळ भरपूर फुलला असेल तरी तोच नियम, कारण या झाडांतील पायरोलिझिडीन अल्कलॉइड यकृताला घातक असतात. नारळाच्या बागेतल्या, फवारणीपासून दूर असलेल्या पेट्या सर्वांत बऱ्या.

विकताना बरणीवर काढणीची तारीख, ठिकाण आणि ‘ॲलर्जी संभवते’ हे लिहा. ‘मधुमेह बरा करतो’, ‘कर्करोगावर उपाय’ असे लिहू नका. अशा जाहिरातींना औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ प्रमाणे बंदी आहे.