मंदिर-वाड्यांचे फोटो प्रिंट करून भिंतीवर लावताय? या चुका टाळा

सिन्नरच्या गोंदेश्वराचा माझा एक फोटो आहे, सकाळचं तिरपं ऊन मंडपाच्या खांबांवर आलेलं, लॅपटॉपवर बघितला की वाटायचं हा भिंतीवर लागलाच पाहिजे. १६ बाय २४ इंच, भारीतला आर्ट पेपर, पैसे भरून मोकळा. आठवड्याने रोल उघडला तर मंडपाच्या आतला सगळा भाग म्हणजे नुसता कोळसा. खांबांवरचं कोरीवकाम गायब. लॅबवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, मग कळलं की चूक माझीच, कारण स्क्रीन फुल ब्राइटनेसवर ठेवून रात्री अंधारात एडिटिंग केलेलं.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद मात्र खोलीत जेवढा उजेड आहे तेवढाच परत देतो. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मे घोळ संपतात. प्रिंटसाठी एडिट करताना स्क्रीन साधारण ८० ते १२० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) ठेवतात, आपले लॅपटॉप आरामात ३०० च्या वर जातात. मोजायचं यंत्र नसेल तर सोपा जुगाड: स्क्रीनवर कोरं पांढरं डॉक्युमेंट उघडा, शेजारी कोरा कागद धरा, आणि स्क्रीन ट्यूबलाइटसारखी चमकत असेल तर दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा.

आपल्याकडे हा प्रॉब्लेम जास्तच येतो, कारण दगडच काळा. गोंदेश्वर, अंबरनाथचं शिवमंदिर, वेरूळचं कैलास, सगळा बेसाल्ट, त्यात गाभाऱ्याकडचा अंधार. लॅबकडून त्यांच्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, मागून घ्या आणि लाइटरूम किंवा फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील फोटोची स्क्रीनवरची झलक, लावून बघा, कुठली सावली बुडतेय ते तिथेच दिसतं. मग फक्त तेवढ्या सावल्या थोड्या उचलायच्या. अख्खा फोटो उजळवला तर उन्हातला दगड फटफटीत होतो आणि एचडीआर टाइप (सावल्या आणि उजेड दोन्ही ओढून सारखे करणारे) स्लायडर ओढत बसलात तर शिखराभोवती पांढरी कड येते, ती मोबाइलवर खपून जाते, २४ इंचावर नाही.

कागद निवडताना "मॅट म्हणजे आर्टिस्टिक" हे डोक्यातून काढा. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कॉटन पेपर सुंदरच असतो, पण त्याचा काळा रंग बराइटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, किंचित चमकदार) कागदाइतका खोल जात नाही. जैसलमेरचा पिवळा दगड, चुन्याच्या भिंती, मेणवलीच्या वाड्यातलं लाकूड, अशाला मॅट झकास. काळ्या पाषाणाला मी तरी आता बराइटाच घेतो. कॅनव्हासबद्दल माझं मत वाईट आहे, त्याची वीण आणि दगडाची नक्षी एकमेकांत घुसतात, बारीक जाळीकाम तर पार मरतं.

आता टेस्ट प्रिंट. इथे बहुतेक जण पूर्ण फोटो ए-फोरमध्ये बसवून काढतात आणि खूश होतात. त्यावरून रंग कळतो, बाकी काही नाही. फायनल साइजला फोटो जेवढा मोठा होणार तेवढाच ठेवून त्यातला एक ए-फोर तुकडा कापून छापा, आणि तुकडा घ्यायचा तो सगळ्यात अंधाऱ्या आणि सगळ्यात उजळ दगडाच्या सीमेवरचा. नॉइज (अंधाऱ्या भागातले रंगीत दाणे), शार्पनिंगची कड, बुडलेल्या सावल्या, सगळं त्यात उघडं पडतं. बघायचा तो जिथे फ्रेम लागणार त्याच खोलीत, तिथल्याच दिव्याखाली.

पिक्सेलचं गणित फार अवघड नाही. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००, ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) २० बाय १३ इंच, २०० ला ३० बाय २०, आणि चार फुटांवरून बघायचं असेल तर २०० पुरतात. फक्त व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल लॅबला देऊ नका, मूळ फाइलच द्या.

आणि कळस कापू नका! कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ असते, ती १२ बाय १८, १६ बाय २४, २० बाय ३० मध्ये तंतोतंत बसते, पण १६ बाय २० ची रेडीमेड फ्रेम दिसली म्हणून घेतलीत तर उभ्या फोटोतले ४ इंच जातात, आणि देवळाच्या फोटोत ते कुठून जाणार, एक तर कळस नाहीतर पायऱ्या.

खालून वर कॅमेरा करून काढलेल्या फोटोत देऊळ मागे पडल्यासारखं दिसतं. ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतं, पण सरळ करताना शिखराची किंवा दीपमाळेची कड धरू नका, त्या मुळातच वर निमुळत्या होत जातात. दाराची चौकट नाहीतर मंडपाचा खांब धरा. शिवाय सरळ करताना कडा कापल्या जातात, त्यामुळे काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडायची सवय लावा. एएसआयच्या (भारतीय पुरातत्त्व खात्याच्या) स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधीच बघून ठेवा.

सगळं नीट जमल्यावर माती होते ती फ्रेमिंगमध्ये. प्रिंट आल्या आल्या काचेत बंद करू नका, एक दिवस उघडी राहू दे. मॅट कागदावर बोट लावू नका, डाग जात नाही. काच प्रिंटला चिकटून बसवली तर पावसाळ्यातल्या दमटपणात प्रिंट काचेला धरते आणि मग सोडवताना शाई निघून येते, म्हणून मध्ये अॅसिड-फ्री माउंट बोर्ड (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. फ्रेमवाला मागून साधी सेलोटेप मारायला निघाला तर थांबवा, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंक कागदात उतरतो. बाहेरून पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर आतूनही फ्रेम लावायची नाही, दुसरी भिंतच नसेल तर मागच्या चारी कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते. माझा दुसरा गोंदेश्वर असाच लावलाय, खांबावरची नक्षी सोफ्यावरून दिसते.