फेचला वेळेची मर्यादा कशी घालावी

फेच म्हणजे सर्व्हरला विनंती पाठवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन. सर्व्हरने पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही तर त्याचा नाद सोडायचा, एवढंच काम. जावास्क्रिप्टमधलं प्रॉमिस म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आधी थांबण्याचं फंक्शन: नवं प्रॉमिस परत करा, त्याच्या आत सेटटाइमआउट लावा आणि वेळ झाली की रिझॉल्व्ह बोलवा. नोडमध्ये तेही लिहायची गरज नाही, आवृत्ती 15 पासून तयार मिळतं. (सेटटाइमआउटला 30 दिवस द्यायला जाऊ नका. 2147483647 मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम 25 दिवस, ही त्याची कमाल. 30 दिवस दिलेत तर तो लगेच वाजतो.)

मग असिंक फंक्शनात अवेट लावून त्याच्यासाठी थांबा. यादीवर फिरताना फॉरईचमध्ये नको, ते कुणासाठी थांबत नाही. फॉर-ऑफ वापरा.

आता खरी अडचण. जो तो सांगतो की प्रॉमिसच्या रेसमध्ये एका बाजूला फेच ठेवा, दुसऱ्या बाजूला पाच सेकंदांनी रिजेक्ट होणारा टायमर. मीही बराच काळ हेच लिहीत होतो. पण रेस फक्त निकाल सांगते, हरलेला धावतच राहतो! टायमर जिंकला तरी विनंती चालूच असते आणि उत्तर उतरतच राहतं. उलट फेच जिंकला तर टायमर मागे उरतो. नोडची स्क्रिप्ट काम संपूनही बंद का होत नाही, म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसता.

विनंती खरोखर तोडायची तर अबॉर्टकंट्रोलर हवा, म्हणजे चालू काम रद्द करण्याची सोय. त्याचा सिग्नल फेचला द्या, टायमरमधून अबॉर्ट बोलवा आणि क्लिअरटाइमआउट फायनलीमध्ये ठेवा. इथे एक खाच आहे, ती जपा. फेचचं प्रॉमिस हेडर आले की रिझॉल्व्ह होतं, मजकूर अजून यायचा असतो. टायमर तिथेच काढून टाकलात तर पुढचं जेसन (उत्तराचा मजकूर) वाचताना कोड कितीही वेळ लटकू शकतो. म्हणून जेसनचा अवेटही त्याच ट्रायच्या आत, आणि रिटर्नच्या आधी अवेट लिहाच. नाहीतर फायनली आधी चालतं आणि मर्यादा वाऱ्यावर.

एवढी उस्तवार नको असेल तर अबॉर्टसिग्नलचं टाइमआउट हे तयार फंक्शन घ्या, 5000 द्या आणि मिळालेला सिग्नल फेचला जोडा. मजकूर येईपर्यंत मर्यादा लागू राहते. नव्या कोडमध्ये मी दुसरं काही लिहीत नाही. कॅचमध्ये एररचं नाव तेवढं तपासा: वेळ संपली तर टाइमआउटएरर, स्वतः अबॉर्ट केलंत तर अबॉर्टएरर. दोन्हींना एकच संदेश दाखवू नका.

आणि पैशांची विनंती असेल तर आंधळेपणाने पुन्हा पाठवू नका. अबॉर्ट तुमच्या बाजूने होतो. सर्व्हरने ऑर्डर तोवर नोंदवलेलीही असेल. प्रत्येक ऑर्डरला एक वेगळा क्रमांक द्या, पुन्हा पाठवताना तोच वापरा, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद करायची नाही, हे सर्व्हरवाल्यांशी आधी ठरवून घ्या.