विंडोज ७ अजून वापरतोय, पण नेटशिवाय

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्यावर चालणारा जुना पीसी मी मोडीत काढलेला नाही. कारण एकच, स्कॅनर. त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही आणि कंपनीने केव्हाच हात वर केलेत.

आधी नेटची केबल काढली आणि डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलं. खरं काम इथेच झालं. पॅच (सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट) न मिळणाऱ्या मशीनवर नुसता अँटीव्हायरस टाकून निर्धास्त राहणं मला पटत नाही.

तरी एसएमबी१, म्हणजे नेटवर्कवर फाइल शेअर करायचा विंडोजचा जुना प्रोटोकॉल, बंद केलं. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून पसरला होता. विंडोज ७ मध्ये सर्व्हरच्या बाजूने ते बंद करायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्ज जिथे असतात तिथे) जावं लागतं: लॅनमनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये 'एसएमबी१' नावाची डीवर्ड व्हॅल्यू, किंमत ०, मग रीस्टार्ट. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्याच.

रोजच्या वापराला स्टँडर्ड अकाउंट ठेवलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा.

राहिला पेन ड्राइव्ह. कंट्रोल पॅनलमध्ये ऑटोप्लेची (ड्राइव्ह लावताच आपोआप काहीतरी सुरू करणारी सोय) वरचीच टिक काढली. स्कॅन नेण्यापुरता एकच पेन ड्राइव्ह ठेवलाय. तो नव्या लॅपटॉपवर तपासूनच परत इकडे लावतो. जरा कटकट आहे, पण स्कॅनर मस्त चालतोय.