नर माशाची जननसंस्था कशी तपासावी: रोहू, मागूर आणि गप्पी

गोड्या पाण्यातील नर माशाचे विच्छेदन करताना बहुतेक विद्यार्थी थेट वृषण, म्हणजे शुक्राणू तयार करणारा अवयव, शोधू लागतात. माझ्या मते आरंभ मागच्या टोकाकडून करावा, कारण फलन शरीराबाहेर होते की मादीच्या शरीरात, हा फरक वृषणाच्या आकारापेक्षा शुक्राणू बाहेर पडण्याच्या वाटेत अधिक स्पष्ट दिसतो.

बाह्य फलनासाठी रोहू घ्यावा. पुण्याच्या गणेश पेठेतील मासळी बाजारातून पावसाळ्याच्या तोंडावर मोठा रोहू घेताना पोट साफ करू नये, असे विक्रेत्याला आधीच बजावावे; अन्यथा नेमका हवा तोच भाग टोपलीत जातो. विणीच्या हंगामात नराचे अंसपक्ष, म्हणजे कल्ल्यांमागचे पर, बोटाला खरखरीत लागतात. गुदद्वारापासून गळ्याकडे मध्यरेषेवर छेद घ्यावा, कात्रीचे बोथट टोक आत ठेवावे आणि आतडे हलकेच बाजूला सारावे. वाताशयाच्या, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीच्या, खालच्या अंगाला दुधी रंगाच्या दोन लांबट पट्ट्या दिसतात, ती वृषणे होत. हंगामाबाहेर ती दोऱ्यासारखी बारीक असतात आणि चरबीशी गल्लत होते. चरबी पिवळसर असते व बोटाला तेलकट लागते. दोन्ही शुक्रवाहिन्या, म्हणजे वृषणांतून शुक्राणू नेणाऱ्या नळ्या, मागे एकत्र येऊन गुदद्वारामागे उघडतात. बेडकात शुक्राणू मूत्रपिंडातून जातात, तसे येथे होत नाही.

मागूर या मिशाळ माशाचे फलनही बाह्यच असते, तरी नराची जननपिटिका, म्हणजे जननछिद्राजवळचा लहान उंचवटा, लांबट व टोकदार असते आणि वृषणांच्या मागे बोटांसारख्या फाट्यांची शुक्राशये, म्हणजे शुक्रवाहिन्यांशी जोडलेल्या ग्रंथी, आढळतात. ती पाहून आंतरफलनाचा निष्कर्ष काढू नये.

आंतरफलनासाठी, म्हणजे मादीच्या शरीरात होणाऱ्या फलनासाठी, गप्पी हा छोटा शोभिवंत मासा पुरेसा आहे. मत्स्यालयाच्या दुकानात तो सहज मिळतो आणि नर जिवंत असतानाच अरुंद काचपात्रात भिंगाखाली तपासता येतो. त्याच्या गुदपक्षाचे, म्हणजे गुदद्वारामागच्या पराचे, तिसरे, चौथे व पाचवे अर (पराला आधार देणाऱ्या काड्या) लांबून नळीवजा मैथुनांग बनलेले असते. ते एरवी मागे वळलेले राहते, पण मादीजवळ येताच पुढे झुलते. टोकाशी सूक्ष्म आकडे असतात. आत दोन्ही वृषणे एकजीव झालेली असतात आणि शुक्राणू सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात, डोकी बाहेर व शेपट्या आत. मादी ते महिनोन्महिने साठवू शकते. मृत नराचे पुंजके ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात पाहावेत; त्यात ते शाबूत राहतात.

रोहूच्या शुक्रद्रवाची तपासणी मात्र याच्या उलट क्रमाने करावी. अगदी ताज्या नराच्या शुक्रद्रवाचा थेंब कोरड्या काचपट्टीवर घ्यावा, ४०० पट वर्धनात दृष्टी स्थिर करावी आणि मगच पाणी घालावे. शुक्राणू तत्क्षणी जागे होतात आणि एक-दोन मिनिटांतच थंडावतात, म्हणून नजर आधीच भिंगाला लावून ठेवावी.